सीझर वाचताय? 'सिग्नुम'पाशी जरा थांबा

व्याकरण येतं, शब्दसाठाही बरा आहे, तरी लढाई डोळ्यांपुढे उभी राहत नाही. लॅटिन युद्धवर्णनांकडे नव्याने वळणाऱ्या बहुतेकांचं हेच दुखणं असतं. माझंही होतं, आणि मूळ एकाच साध्या शब्दात होतं: सिग्नुम, अनेकवचनी सिग्ना.

कोश 'निशाण' सांगतो. आपल्याला लगेच जरीपटका आठवतो आणि तिथेच वाट चुकते. कापडी निशाण म्हणजे वेक्सिलुम. सिग्नुम हा तुकडीचा दांडा, बहुधा धातूच्या चकत्या लावलेला. तो सरकेल तिकडे तुकडी सरकते. म्हणून 'सिग्ना इन्फेर्रे' म्हणजे चाल करून जाणं, 'सिग्ना कोन्वेर्टेरे' म्हणजे तोंड फिरवणं, 'सिग्ना कोन्फेर्रे' म्हणजे शत्रूशी भिडणं.

एवढं पाठ केलं की झालं, असं वाटतं. नाही! खरा फास पुढेच आहे. इ.स.पू. ५७, साबिस नदीकाठची लढाई, सीझरच्याच 'गॉलयुद्धा' या ग्रंथाचा दुसरा भाग, प्रकरण २५. बाराव्या लीजनची (रोमन सैन्याच्या मोठ्या दलाची) सिग्ना 'कोन्लाता' झालीत. क्रियापद तेच, कोन्फेर्रे. यादी पाठ असलेला बेधडक 'भिडले' लिहितो. पण सीझर म्हणतोय 'एकाच जागी': दांडे एकत्र आले, त्यांच्यामागे माणसंही गोळा झाली आणि दाटीत एकमेकांना शस्त्र चालवता येईना. चौथ्या कोहोर्टचा (लीजनमधल्या तुकडीचा) निशाणधारी पडलाय, सिग्नुमही गेलंय. हे उमगलं तरच सीझर मागच्या रांगेतल्या शिपायाची ढाल घेऊन पुढे का धावतो आणि 'सिग्ना पुढे न्या, तुकड्या मोकळ्या करा' असा हुकूम का देतो, ते कळतं.

तयार शब्दयाद्या मला मुळीच पटत नाहीत. फळ्यावर सैन्याची मांडणी काढायला लावणारा गुरू मिळाला तर त्याला सोडू नका.

घाबरूही नका. त्याच भागाच्या वीसाव्या प्रकरणात सिग्नुम तुतारीचा इशारा होतं, रोमन इतिहासकार टॅसिटसकडे पहाऱ्याचा परवलीचा शब्द. हे अर्थ संदर्भातून आपोआप सुटतात.

साबिस पचलं की रोमन इतिहासकार लिव्हीच्या इतिहासाचा बाविसावा भाग घ्या, त्यातलं इ.स.पू. २१७ चं वर्णन. तिसऱ्या प्रकरणात सिग्नुम जमिनीतून उपटेना, तेव्हा रोमन सेनापती फ्लामिनियुस 'खणून काढा' म्हणतो. पाचव्यात त्रासिमेन तळ्याकाठच्या लढाईत, धुक्यात सैनिकांना ना आपली तुकडी सापडते, ना सिग्नांपुढची-मागची फळी उरते. दोन्ही प्रकरणं एकाच बैठकीत वाचा, कोश मिटून.