परदेशात फंडेड पीएचडी शोधताय? आधी पैसा कोणाकडे आहे ते बघा, आणि या चुका टाळा

बाहेर पीएचडी करायचीय म्हटलं की बहुतेक जण आधी जगभरातल्या युनिव्हर्सिट्यांच्या क्यूएस रँकिंगची लिस्ट उघडतात, मग एकेका युनिव्हर्सिटीच्या वेबसाईटवर अप्लाय बटण शोधत बसतात, ते काही सापडत नाही, मग प्रोफेसरांना मेल टाकायला सुरुवात. एकाच मजकुराचे शंभर मेल, उत्तर एकाचंही नाही. मग "माझं प्रोफाईलच वीक आहे" म्हणून अजून एक ऑनलाईन कोर्स. अरे पण त्या शंभर जणांपैकी कोणाकडे नवीन पीएचडीवाला ठेवायला पैसे होते हे कोणी बघितलं का? बऱ्याचदा प्रोफाईल ठीक असतं, दार चुकीचं ठोठावलेलं असतं.

मी मुख्यतः जर्मनी आणि आजूबाजूच्या देशांबद्दल लिहितोय, अमेरिका-युकेचं जिथे लागेल तिथे. आणि सायन्स-इंजिनिअरिंग डोक्यात ठेवून लिहितोय, आर्ट्सवाल्यांचं गणित थोडं वेगळं असतं.

सगळ्या देशांना एकच पद्धत लावणं

ही सगळ्यात महागडी चूक. जर्मनीत पीएचडी म्हणजे बऱ्याच ठिकाणी सरळ नोकरी असते, प्रोफेसरच्या प्रोजेक्टमध्ये पैसे असतात, तो जाहिरात काढतो, इंटरव्ह्यू घेतो, तोच निवडतो, आणि युनिव्हर्सिटीत डॉक्टरेटसाठी नाव नोंदवणं हे त्यानंतरचं कागदपत्रांचं काम. त्यामुळे तिकडे ॲडमिशन आधी आणि गाईड नंतर असा आपल्याकडचा क्रम डोक्यात ठेवून गेलात की अडकलात. नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वेतही पीएचडीवाला साधारणपणे एम्प्लॉयी असतो, पण तिकडे जागा रीतसर जाहिरात देऊनच भरतात, प्रोफेसरला तुम्ही कितीही आवडलात तरी तो गुपचूप घेऊ शकत नाही, "जाहिरात आली की अप्लाय कर" एवढंच सांगेल. आणि ते उत्तर नकार नसतं हं, लोक उगाच नाराज होतात.

अमेरिकेत उलटं. तिकडे डिपार्टमेंटची कमिटी ठरवते, अर्ज साधारण डिसेंबरच्या आसपास बंद होतात, फंडिंग टीए (शिकवण्यात मदत) किंवा आरए (रिसर्चमध्ये मदत) म्हणून ॲडमिशनसोबतच येतं, आणि बीई किंवा चार वर्षांच्या बीएसनंतर थेट पीएचडीला जाता येतं. बायोलॉजीच्या कितीतरी प्रोग्राम्समध्ये पहिल्या वर्षी लॅब रोटेशन असतात, थोडे थोडे दिवस वेगवेगळ्या लॅबमध्ये काम करायचं, म्हणजे गाईड नंतरच ठरतो. जपान सरकारच्या मेक्स्ट स्कॉलरशिपला पुन्हा प्रोफेसरची संमती लागतेच.

म्हणून देश बदलला की आधी दोन गोष्टी शोधायच्या, पैसे कोण देतं आणि निवड कोण करतं. ही दोन उत्तरं मिळाली की मेल करायचा का, कोणाला करायचा, कधी करायचा हे आपोआप कळतं.

पैसा कुठे आहे हे न शोधणं

आता हे जरा नीट सांगतो कारण हे कोणी सांगतच नाही. रिसर्चसाठी सरकारी पैसा कोणाला मिळाला हे लपलेलं नसतं. जर्मनीत डीएफजी ही रिसर्चला पैसे देणारी मुख्य संस्था, तिने कुठल्या प्रोजेक्टला फंडिंग दिलंय ते गेप्रिस नावाच्या डेटाबेसमध्ये बघता येतं. युरोपियन युनियनचे प्रोजेक्ट कॉर्डिस या साईटवर. अमेरिकेत एनएसएफ या सरकारी संस्थेचं अवॉर्ड सर्च आहे, बायोमेडिकलवाल्यांना एनआयएच रिपोर्टर. युकेसाठी गेटवे टू रिसर्च. सगळं फुकट, लॉगिनही लागत नाही. तिकडे तुमच्या विषयाचे शब्द टाका, प्रोजेक्ट कधी सुरू झाला ते बघा. नुकताच सुरू झालेला किंवा होऊ घातलेला असेल तर तिथे माणसं लागणार आहेत. तीन वर्षं उलटून गेलेला असेल तर माणसं आधीच भरलेली असणार, तिकडे मेल टाकून उपयोग कमी.

ईआरसी (युरोपियन रिसर्च कौन्सिल) ग्रँट मिळालेल्यांवर तर खास लक्ष ठेवा. स्टार्टिंग ग्रँट म्हणजे तरुण प्रोफेसरला ५ वर्षांसाठी साधारण १५ लाख युरोपर्यंत, आणि त्यातला मोठा भाग पीएचडी आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) यांच्या पगारात जातो. निकालाची यादी जाहीर होते, त्यात नाव, संस्था, विषय सगळं असतं. अशा प्रोफेसरला नवीन टीम उभी करायची असते, त्याच्या इनबॉक्सला नामवंत म्हाताऱ्या प्रोफेसरांइतकी गर्दीही नसते. रँकिंग बघणाऱ्यांना ही मंडळी दिसतच नाहीत कारण ती कधी कधी अशा गावातल्या युनिव्हर्सिटीत असतात जिचं नाव आपल्याकडे कोणी ऐकलेलं नाही. काकांना सांगताना "कुठे?" असा प्रश्न येईल, येऊ दे.

शिवाय युनिव्हर्सिट्यांच्या बाहेरही जग आहे. जर्मनीत माक्स प्लांक, हेल्महोल्ट्झ, लाइबनिट्झ, फ्राउनहोफर या संस्थांकडे भरपूर पीएचडी पोझिशन्स असतात, पदवी जवळची युनिव्हर्सिटी देते. माक्स प्लांकच्या आयएमपीआरएस नावाच्या ग्रॅज्युएट स्कूल्स आहेत, त्यात एकच अर्ज करून बऱ्याच ग्रुप्सपर्यंत पोचता येतं. जाहिरातींसाठी युराक्सेस, डच जागांसाठी अकॅडेमिक ट्रान्सफर, नॉर्वेसाठी जॉबनॉर्गे, जर्मनीसाठी डाडचं (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप देणारी जर्मन संस्था) पीएचडी जर्मनी पोर्टल. अलर्ट लावून ठेवा, रोज हाताने शोधू नका, कंटाळा येऊन सोडून द्याल.

जाहिरात अर्धवट वाचणं

जर्मन जाहिरातीत "टीव्ही-एल ई१३, ६५ टक्के" असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा सरकारी पगाराचा स्केल आहे. पूर्ण ई१३ ला सुरुवातीला महिन्याला साडेचार हजार युरोच्या थोडं वर ग्रॉस (कापाकापीच्या आधीचा), म्हणजे ६५ टक्क्याला साधारण तीन हजार, आणि टॅक्स, हेल्थ इन्शुरन्स, पेन्शन कापून हातात दोन हजाराच्या आसपास. कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंगमध्ये बऱ्याचदा १०० टक्के मिळतं, बायोलॉजीत ६५ किंवा त्याच्या आसपास, आणि काम मात्र सगळीकडे पूर्ण वेळच करावं लागतं, हे अन्यायकारक आहे असं माझं मत, पण आहे ते आहे. लोक ग्रॉसचे रुपये करून घरी आकडा सांगतात आणि मग म्युनिकचं भाडं बघून हबकतात.

युरोपियन युनियनच्या मारी क्युरी डॉक्टोरल नेटवर्कच्या जागा चांगल्या पगाराच्या असतात, पण त्यात एक अट आहे जी वाचल्याशिवाय अर्ज करू नका. नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेलं नसलं पाहिजे. म्हणजे जर्मनीत एमएस करत असलेल्या मुलाला जर्मनीतली मारी क्युरीची जागा साधारणपणे मिळणार नाही, पण फ्रान्स, स्पेन, डेन्मार्कमधली मिळू शकते, आणि पुण्यात-नागपुरात बसून अर्ज करणाऱ्याला तर ही अट फायद्याचीच आहे. तिकडे असलेले बरेच उमेदवार त्यात बाद होतात ना.

युकेच्या जाहिरातीत "होम फी" (तिथल्याच विद्यार्थ्यांची कमी फी) हे दोन शब्द शोधा. स्कॉलरशिप फक्त होम फीपुरती असेल तर इंटरनॅशनल फीमधला फरक कोण भरणार हे लेखी विचारा, तो फरक वर्षाला लाखो रुपयांत जातो. यूकेआरआय या तिकडच्या सरकारी रिसर्च संस्थेच्या स्टुडंटशिपमध्ये बाहेरच्या विद्यार्थ्यांना एकूण जागांच्या ३० टक्क्यांची मर्यादा आहे, तेही लक्षात ठेवा. आणि काही टेक्निकल विषयांना भारतीयांना ॲटास क्लिअरन्स (युके सरकारची सुरक्षेसाठीची परवानगी) लागतो, त्याचा वेळ धरून चाला.

अजून एक. जर्मनी आणि स्कँडिनेव्हियात साधारणपणे मास्टर्स लागतं. बीईवर तिकडे अर्ज करत राहणं म्हणजे वेळ घालवणं, काही फास्ट-ट्रॅक प्रोग्राम्स सोडले तर. तुमचं कॉलेज-युनिव्हर्सिटी जर्मनीत कशी धरतात हे अनाबिन डेटाबेसमध्ये बघून घ्या, एच प्लस (म्हणजे संस्था मान्य) असेल तर निवांत.

मेलमधल्या चुका

"रिस्पेक्टेड सर" ने सुरू होणारा मेल बाई प्रोफेसरला जातो तेव्हा तिथेच संपतं. "युअर एस्टीम्ड युनिव्हर्सिटी", "आय ॲम अ हार्डवर्किंग अँड पॅशनेट स्टुडंट", हे सगळं काढून टाका. आता तर एआयने लिहिलेले गुळगुळीत मेल इतके येतात की चार ओळींचा साधा, थोडासा ओबडधोबड मेलही उठून दिसतो. त्यात एवढंच हवं, तुम्ही कोण आणि मास्टर्सच्या थिसिसमध्ये नेमकं काय केलं, त्यांच्या कुठल्या कामाशी ते जुळतं आणि का (पेपरचं टायटल कॉपी करून "आय फाउंड इट फॅसिनेटिंग" नको, त्यातली एक गोष्ट जी तुम्हाला पटली नाही किंवा पुढे न्यावीशी वाटली ती लिहा), आणि सरळ प्रश्न, की अमुक प्रोजेक्टमध्ये पीएचडीची जागा निघणार आहे का. सीव्ही आणि ट्रान्सक्रिप्ट एकाच पीडीएफमध्ये. दहाजणांना सीसी करून एकच मेल कधीच नको, असं करणारे अजूनही आहेत.

उत्तर नाही आलं तर दोनेक आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. आणि "तुमची स्वतःची स्कॉलरशिप असेल तर मी गाईड करायला तयार आहे" असं उत्तर आलं तर ते पोझिशन नाही हे समजून घ्या. वाईट उत्तर नाही, त्यावर डाडच्या डॉक्टरल स्कॉलरशिपला अर्ज करता येतो, पण लोक हे उत्तर आलं की पेढे वाटतात आणि बाकीचे अर्ज थांबवतात.

सीव्ही, मार्क आणि शिफारसपत्रं

आपला बायोडेटा म्हणजे वडिलांचं नाव, जन्मतारीख, मॅरिटल स्टेटस, दहावीचे टक्के आणि खाली "आय हिअरबाय डिक्लेअर". हे सगळं काढा. त्या जागी तुम्हाला काय काय हाताने करता येतं ते लिहा, कुठलं इन्स्ट्रुमेंट स्वतः चालवलंय, कुठल्या भाषेत कोड लिहिलाय, डेटा कुठे आहे.

मार्कांचं असं की मुंबई किंवा पुणे युनिव्हर्सिटीतले ६५ टक्के म्हणजे काय हे तिकडच्या माणसाला माहीत नसतं, त्याला ते नापासाच्या जवळचे वाटू शकतात. सीव्हीत एक ओळ टाका, की फर्स्ट क्लास कितीला, तुमचा वर्गात कितवा नंबर. जर्मनीत परदेशी मार्क जर्मन ग्रेडमध्ये बदलायला बव्हेरियन फॉर्म्युला वापरतात, १० पैकी ८ सीजीपीए आणि पासिंग ४ धरलं तर तो २.० येतो, जर्मनीत १ सगळ्यात चांगला, त्यामुळे हे चांगले मार्क आहेत. ट्रान्सक्रिप्टसाठी युनिव्हर्सिटीत अर्ज आजच करा, त्या खिडकीवर किती वेळ लागेल याचा अंदाज कोणालाच बांधता आलेला नाही.

शिफारसपत्राचं दुखणं वेगळंच. "तूच लिहून आण, मी सही करतो" हे आपल्याकडे सर्रास चालतं, मग तिन्ही पत्रं एकाच हातची वाटतात आणि ते पटकन ओळखू येतं. एचओडींचं नाव मोठं म्हणून त्यांच्याकडून पत्र घेऊ नका, ज्या सरांनी किंवा मॅडमनी तुम्हाला लॅबमध्ये चुकताना आणि दुरुस्त करताना बघितलंय त्यांचं घ्या. आणि त्यांच्या कॉलेजच्या ईमेल आयडीवरून. कॉलेजचा आयडी चालतच नाही अशी परिस्थिती असते हे माहितीये, तरी सुरू करून घ्यायला सांगा, काही पोर्टल्सवर जीमेलवाल्या रेफरीबद्दल शंका घेतात.

स्कॉलरशिपबद्दलचे गैरसमज

फुलब्राइट-नेहरू डॉक्टोरल रिसर्च फेलोशिप ही अमेरिकेत पीएचडी करायला नसते, भारतात पीएचडीला नाव नोंदवलेल्यांना ६ ते ९ महिने तिकडे जाऊन काम करायला असते. दरवर्षी कोणीतरी याच भरवशावर बसलेलं असतं. आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, पीएचडीलाही मिळते, तिला मात्र क्यूएस रँकिंगची अट असते, म्हणजे इथे ती लिस्ट खरंच कामाची. जे. एन. टाटा एंडॉवमेंट ही लोन स्कॉलरशिप आहे, परत फेडायची असते.

आणि पैसे मागणारा कोणी भेटला, "प्रोफेसरशी ओळख आहे, फंडेड सीट काढून देतो", तर तिथून निघा. पगारी जागेसाठी उमेदवाराने कोणाला पैसे द्यायचे नसतात.

इंटरव्ह्यूपर्यंत पोचताय पण पुढे जात नाही?

मग मेल-सीव्ही ठीक आहेत, त्यांना हात लावू नका. बहुतेकदा गडबड त्या दहा-पंधरा मिनिटांच्या थिसिस प्रेझेंटेशनमध्ये असते, लोक बॅकग्राउंडवर आठ स्लाईड घालवतात आणि स्वतः काय केलं ते शेवटच्या मिनिटात. "ही पद्धत का वापरली, दुसरी का नाही" याला "सरांनी सांगितलं" हे उत्तर चालत नाही. शेवटी "तुमचे काही प्रश्न?" म्हटलं की "नो सर, थँक यू" नको. कॉन्ट्रॅक्ट किती वर्षांचं, प्रोजेक्टचे पैसे संपले आणि थिसिस बाकी असेल तर काय करता, ग्रुपमधल्या मागच्या मुलांना किती वर्षं लागली, हे विचारा. सध्याच्या पीएचडीवाल्यांशी प्रोफेसर नसताना बोलायला मिळेल का हेही विचारा, आणि त्याला टाळाटाळ झाली तर मी तरी ती जागा घेणार नाही.

ऑफर आल्यावर अमेरिकेत १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुभा बऱ्याच युनिव्हर्सिट्या देतात, त्याआधी घाई करायला लावलं तर शांतपणे विचारा. २०२५ मध्ये तिकडे रिसर्चच्या पैशाला कात्री लागली आणि काही ठिकाणी ॲडमिशन्स कमी केल्या, त्यामुळे सगळी अंडी अमेरिकेच्या टोपलीत ठेवू नका, युरोपच्या जागा वर्षभर निघत असतात.

जर्मनीची नोकरीवाली ऑफर असेल तर ब्लॉक्ड अकाउंटसाठी (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) धावाधाव करू नका. ते ११,९०४ युरो स्टुडंट व्हिसावाल्यांना दाखवावे लागतात, तुमचा पगार त्यांच्या अटीत बसत असेल तर कॉन्ट्रॅक्टच पुरेसं असतं, त्यासाठी घर गहाण ठेवायची गरज नाही. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून कॉन्ट्रॅक्टची वाट न बघता ऑफरचा मेल आला त्याच दिवशी कागदपत्रांची यादी काढा. उशीर होणारच असं दिसलं तर प्रोफेसरला लगेच कळवा, जॉइनिंग डेट महिना-दीड महिना पुढे ढकलतात, त्यांना त्याची सवय असते.