नोड उठत नाही, उठला तर क्लस्टरमध्ये येत नाही

क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा संच, जरा मोठा असला की त्यातला एखाद-दुसरा नोड (संगणक) रुसलेला असतोच. अशा वेळी पहिला मोह होतो तो नोडवर पुन्हा इमेज, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची तयार प्रत, चढवण्याचा. तो टाळा. हार्डवेअर किंवा घड्याळाचा दोष त्याने जात नाही, उलट लॉग मात्र पुसले जातात. नोड नेमका कुठे अडला हे आधी ठरवा: वीज आणि रॅम, नेटवर्क बूट, कर्नल आणि रूट फाइल सिस्टिम, की क्लस्टरमधली शेवटची नोंदणी. इथे धरलेली मांडणी नेहमीची आहे: हेड नोडवरून (मुख्य संगणकावरून) पीएक्सईने, म्हणजे नेटवर्कवरून, बूट होणारे लिनक्स नोड आणि वर नोडना कामे वाटणारा स्लर्म.

स्क्रीन काळी, पंखे चालू

सर्व्हर रूमकडे धावण्याआधी बीएमसीला, म्हणजे बोर्डवरच्या स्वतंत्र देखरेख-चिपला, विचारा. तिच्याशी बोलणारी आयपीएमआय-टूल ही आज्ञा ‘लॅनप्लस’ इंटरफेसने चालवा (यूडीपी पोर्ट ६२३), पॉवरची स्थिती बघा आणि मग एसईएल, म्हणजे हार्डवेअरची घटना-नोंद, वाचा. रॅमची स्टिक बिघडली असेल तर बहुतेक वेळा स्लॉटच्या नावासकट नोंद तिथेच सापडते. सीरियल-ओव्हर-लॅन (नोडचा कन्सोल नेटवर्कवरून दाखवणारी सोय) चालू करून नोड रीस्टार्ट केला की तो कुठे थांबतो ते बसल्या जागी दिसते.

बीएमसीच उत्तर देत नसेल तर दोन्ही पॉवर केबल काढा, अर्धा मिनिट थांबा आणि परत लावा. बीएमसी स्वतः उठायला एक-दोन मिनिटे घेतो. तोवर पॉवर बटण दाबून काही झाले नाही म्हणून बोर्ड गेला असे समजू नका. एका चॅसीत चार नोड असतील, पॉवर सप्लाय सामाईक असेल आणि बाकीचे तिघे चालत असतील, तर सप्लायवर संशय घेण्यात अर्थ नाही.

तरीही स्क्रीनवर काही येत नसेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पहिल्या स्लॉटमध्ये एकच स्टिक ठेवून बघा. नोड उठला की बाकीच्या एकेक करून वाढवा. सगळ्या एकदम बदलल्या तर दोषी कोण ते कधीच कळत नाही.

आणि बोर्डवरचा सीआर२०३२ सेल मोजा. नवा सेल ३ व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जाते आणि अनेक बोर्डांवर बायोसच्या सेटिंगही मूळपदावर येतात. त्यामुळे पुढे तीन ठिकाणी तीन वेगळे दोष दिसू शकतात: बूटचा क्रम बदलतो, मंज (नोडची ओळख पटवणारी सेवा) बिनसते आणि हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन भासवणे) आपोआप चालू होते.

पीएक्सईचे कोड

नेटवर्क बूट अडला की स्क्रीनवर येणारे हे कोड खरोखर कामाचे आहेत. ई६१ म्हणजे लिंकच नाही: केबल किंवा स्विच पोर्ट बघा, किंवा नोड चुकीच्या कार्डावरून बूट व्हायला बघतोय. ई५१ म्हणजे डीएचसीपीचे (नेटवर्क पत्ता देणाऱ्या सेवेचे) उत्तर आले नाही. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला, पण बूट फाइलचे नाव मिळाले नाही. ई३२ म्हणजे टीएफटीपीने (बूट फाइल पोचवणाऱ्या सेवेने) दाद दिली नाही: ती सेवा किंवा फायरवॉल बघा.

ई५१ आला तर हेड नोडवर टीसीपी-डंप (नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारे साधन) लावून डीएचसीपीचे यूडीपी पोर्ट ६७ आणि ६८ बघा. विनंती पोचतच नसेल तर दोष व्हीलॅनचा (स्विचवरच्या आभासी नेटवर्कचा) किंवा स्विचचा. पोचते पण उत्तर जात नसेल तर मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) तपासा. मदरबोर्ड बदलला की ऑनबोर्ड कार्डाचा मॅकही बदलतो, आणि डीएचसीपीतली जुनी नोंद बदलायची राहून जाते. विनंती कधी पोचते, कधी नाही, असे असेल तर स्विचचा स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये फेरा होऊ न देणारी व्यवस्था) बघा. जुन्या पद्धतीत पोर्ट खुला व्हायला १५ अधिक १५ असे ३० सेकंद जातात, आणि काही कार्डे तेवढा धीर धरत नाहीत. नोडचे पोर्ट ‘एज’ किंवा ‘पोर्टफास्ट’ करा, म्हणजे ही वाट पाहणे टळते.

बायोस रीसेट होऊन नोड लेगसीतून (जुन्या बूट पद्धतीतून) यूईएफआयमध्ये (नव्या पद्धतीत) गेला असेल तर त्याला वेगळी बूट फाइल लागते. डीएचसीपीचा पर्याय ९३ नोडचा प्रकार सांगतो (लेगसी ०, ६४-बिट यूईएफआय सहसा ७). त्यावरून फाइल ठरवा. वीज गेल्या-आल्यावर सगळे नोड एकदम उठले तर टीएफटीपी गुदमरतो, म्हणून त्यांना गटागटाने चालू करा.

कर्नल येतो, पण रूट मिळत नाही

ड्रेकटचा (बूटच्या सुरुवातीची फाइल सिस्टिम बांधणाऱ्या साधनाचा) ‘इनिट-क्यू टाइमआउट’ येऊन इमर्जन्सी शेल मिळाला तर आयपी-लिंक आज्ञेत नेटवर्क कार्ड दिसते का बघा. दिसत नसेल तर एलएस-पीसीआय ही आज्ञा छोट्या ‘के’सह चालवा. कार्डाखाली ‘ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसेल तर ड्रायव्हर इनिट-रॅमएफएसमध्ये, म्हणजे त्या सुरुवातीच्या फाइल सिस्टिममध्ये, नाही. तो घालून ती पुन्हा बांधा. कार्ड दिसते, पिंग जाते, पण एनएफएस (नेटवर्कवरची फाइल सिस्टिम) लटकते असे असेल तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासा. ९००० ठेवला असेल तर ८९७२ बाइटचे न तुटणारे पिंग पाठवा. ते अडले तर वाटेतला एखादा पोर्ट अजून १५०० वर आहे.

नोड चालू, पण क्लस्टरबाहेर

स्लर्मची एस-इन्फो ही आज्ञा कॅपिटल ‘आर’सह चालवली की कारण दिसते. ‘डाउन’पुढे तारा (*) असेल तर नोड उत्तरच देत नाही. स्लर्म-डी (नोडवरची स्लर्मची सेवा) चालू आहे का, पोर्ट ६८१८ (नोड) आणि ६८१७ (कंट्रोलर) खुले आहेत का, ते बघा.

मग वेळ. मंजचे प्रमाणपत्र मूळ सेटिंगप्रमाणे ३०० सेकंदच चालते. घड्याळ त्याहून मागे-पुढे असले की ‘एक्सपायर्ड’ किंवा ‘रिवाउंड क्रेडेन्शियल’ येते. क्रोनीने (घड्याळे जुळवणाऱ्या सेवेने) वेळ जुळवा आणि हार्डवेअर घड्याळातही लिहा, नाहीतर पुढच्या बूटला तेच. वेळ बरोबर असूनही मंज नकार देत असेल तर किल्लीची फाइल सगळीकडे एकच आहे का, तिची मालकी मंजकडे आणि परवानगी ०४०० आहे का, ते तपासा.

‘लो रिअल-मेमरी’ (रॅम कमी) हे कारण दिसले तर नोडवर स्लर्म-डी कॅपिटल ‘सी’सह चालवून त्याला किती रॅम दिसते ते बघा. १६ जीबीच्या १२ स्टिक, म्हणजे १९२ जीबीच्या जागी १७६ च्या आसपास दिसत असतील तर बायोसने एक स्टिक बाजूला काढली आहे. स्लर्मच्या कॉन्फिगमधला रॅमचा आकडा कमी करून हे झाकू नका. फरक काही एमबींचाच आणि सगळ्या नोडवर असेल तर मात्र कर्नल अपडेटचा परिणाम आहे. त्यासाठी तो आकडा मुळातच एक-दोन जीबी कमी ठेवावा.

‘अनपेक्षित रीबूट’ या कारणाने पडलेला नोड स्लर्मचे ‘रिटर्न-टू-सर्व्हिस’ हे सेटिंग ० किंवा १ असताना आपोआप परतत नाही. हाताने रिझ्युम (परत कामाला लावण्याचा आदेश) द्यावा लागतो. तो देण्याआधी एसईएल वाचा.

रिझ्युमनंतर अनेक नोडवरची एमपीआय जॉबच (नोड एकमेकांशी बोलत करतात ते कामच) तेवढी पडत असेल तर इन्फिनिबँडकडे (नोडमधल्या वेगवान नेटवर्ककडे) वळा. आयबी-स्टॅट या आज्ञेत ‘पोलिंग’ असेल तर केबल शेजारच्या नोडशी अदलाबदल करून बघा. लिंक वर असूनही ‘इनिशियलायझिंग’वरच अडले असेल तर सबनेट मॅनेजर (त्या नेटवर्कचे पत्ते आणि मार्ग ठरवणारी सेवा) चालू आहे का ते बघा.