टिळकांच्या घरापासून बाबासाहेबांच्या घरापर्यंत: लंडनमधली एक मोकळी सकाळ

लंडनमध्ये आठवडाभर मुक्काम असेल, तर एक सकाळ कोणतेही तिकीट न काढता मोकळी ठेवावी आणि लिटल व्हेनिस ते प्रिमरोज हिल हा रीजंट्स कालव्याच्या काठचा रस्ता पायी चालावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अंतर चार किलोमीटरच्या आसपास असले, तरी वेळ मात्र तीन तासांचा धरावा, कारण या वाटेवर जे सापडते ते थांबणाऱ्यालाच सापडते.

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बेकरलू लाइनवरच्या वॉरिक अव्हेन्यू स्थानकावर उतरावे. कालव्याकडे वळण्याआधी जवळच्याच हाउली प्लेस या शांत गल्लीत शिरावे आणि १० क्रमांकाचे घर शोधावे. लोकमान्य टिळक १९१८-१९१९ मध्ये येथे राहत होते, असे सांगणारी निळी गोल पाटी त्या घरावर आहे. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी ते विलायतेला आले होते आणि तो खटला ते हरले. शाळेच्या पुस्तकात वाचलेला माणूस याच पायऱ्या उतरून कामाला जात असेल, हे मनात आले की पाय आपोआप रेंगाळतात. घर खाजगी आहे. पाटी फुटपाथवरूनच पाहावी आणि दार वाजवू नये.

तिथून कालव्यावर यावे. पुढे मेडा हिलच्या बोगद्यात पायवाट नाही, त्यामुळे वर रस्त्यावर चढून एजवेअर रोड ओलांडावा आणि ॲबरडीन प्लेसपासून पायऱ्यांनी पुन्हा पाण्याजवळ उतरावे. नवखा माणूस नेमका इथेच चुकतो. पायवाट अरुंद असून सायकलीही तिच्यावरूनच जातात. मागून घंटी ऐकू आली की पाण्यापासून दूरच्या कडेला सरावे.

रीजंट्स पार्कच्या कडेने चालताना मॅकल्सफील्ड पूल लागतो. २ ऑक्टोबर १८७४ रोजी बंदुकीची दारू वाहून नेणाऱ्या बार्जचा, म्हणजे सपाट मालवाहू बोटीचा, याच पुलाखाली स्फोट झाला आणि पूल उडाला. तो पुन्हा बांधताना जुनेच लोखंडी खांब वापरले, पण फिरवून उभे केले. खांबाजवळ जाऊन त्यावरून बोट फिरवावे. घोडे बार्ज ओढत असताना ओल्या दोरांनी लोखंडात पाडलेल्या खोल, गुळगुळीत खाचा हाताला लागतात, आणि खांब फिरवल्यामुळे त्या दोन्ही अंगांना आहेत. जुन्या वाड्यातल्या आडाच्या काठाला पोहऱ्याच्या दोराने पडलेल्या खाचा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या खांबांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. लंडनमधल्या कितीतरी मोठ्या वास्तूंपेक्षा मला हे खांब अधिक जवळचे वाटतात.

या पट्ट्यात कान उघडे ठेवावेत. झाडांतून ओळखीची किरकिर ऐकू आली तर वर पाहावे: गळ्याभोवती कंठ असलेले, आपल्याकडचेच हिरवे राघू लंडनच्या बागांत मोकळे राहतात आणि हिवाळ्यातही टिकतात. थोडे पुढे प्राणिसंग्रहालयाचा जाळीचा मोठा पिंजरा पायवाटेवरूनच दिसतो.

प्रिमरोज हिलपाशी कालवा सोडावा, टेकडी चढून शहर एका नजरेत पाहावे आणि पलीकडच्या बाजूने किंग हेन्रीज रोडवर उतरावे. तिथले १० क्रमांकाचे घर म्हणजे १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून राहत होते ते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले आणि आता तिथे त्यांचे स्मारक आहे. ते कोणत्या वेळी उघडे असते, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे, म्हणजे एवढे चालून बंद दारापुढे उभे राहण्याची वेळ येणार नाही. परतीसाठी नॉर्दर्न लाइनवरचे चॉक फार्म स्थानक तिथून अगदी जवळ आहे.