शेवटचा बाइट गेला, हे न सांगणारा यूआर्ट: अशा ड्रायव्हरचा पॅच कसा तपासावा

यूआर्ट म्हणजे बाइट एकेक बिट करून तारेवर पाठवणारी सिरीयल चिप. तिच्या लिनक्स कर्नलमधल्या ड्रायव्हरमध्ये चाळीस-पन्नास ओळींचा बदल, म्हणजे पॅच, येतो. एक नवा फ्लॅग, एक टायमर, दोन-तीन ठिकाणी ‘इफ’. सोबतचा मजकूर एका ओळीचा: या हार्डवेअरला टीईएमटीचा इंटरप्ट नाही, म्हणून टायमर लावला आहे. (टीईएमटी म्हणजे ‘शेवटचा बाइटही गेला’ ही खूण, आणि इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला स्वतःहून मारलेली हाक.) बघणाऱ्याला पहिल्या झटक्यात ‘ठीक दिसतंय’ लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. मी एकदा तसं लिहिलंही होतं. माझ्या टेबलावरच्या बोर्डावर ११५२०० बॉडला (सेकंदाला इतके बिट) सगळं सुरळीत चालत होतं. पुढे ९६०० बॉडवर बसवलेल्या एका मीटरने उत्तर देणंच सोडलं, तेव्हा कळलं की टायमरची वेळ २०० मायक्रोसेकंद अशी थेट कोडमध्ये लिहिलेली होती आणि ती माझ्या डोळ्यांखालून गेली होती.

हा पॅच लागतो कशाला, ते आधी बघू. आरएस-४८५ या जोडणीच्या पद्धतीत दोन तारांवर अनेक उपकरणं टांगलेली असतात आणि एका वेळी एकानेच बोलायचं असतं. ग्रामसभेत एकच माइक फिरतो, तसं. बोलणारा आरटीएस ही रेघ उचलून माइक घेतो, बोलून झालं की सोडतो. शेवटचा शब्द संपायच्या आत माइक सोडला तर तो शब्द कापला जातो. धरून बसला तर पुढच्याचे पहिले शब्द वाया जातात. म्हणजे माइक कधी सोडायचा ते नेमकं कळायला हवं, आणि नेमकं तेच सांगणारा इंटरप्ट इथे नाही.

१. काय नाही, ते नेमकं ठरवा

पाठवायचा बाइट आधी फिफोत, म्हणजे चिपमधल्या रांगेत, जातो, तिथून शिफ्ट रजिस्टरमध्ये, आणि तिथून एकेक बिट तारेवर. १६५५०ए या जुन्या, सगळीकडे नक्कल झालेल्या चिपमध्ये फिफो १६ बाइटांचा असतो. लाइन स्टेटस रजिस्टरमध्ये शेजारी-शेजारी दोन बिट आहेत. टीएचआरई म्हणतो ‘फिफो रिकामा’, टीईएमटी म्हणतो ‘शिफ्ट रजिस्टरही रिकामं’. मूळ १६५५०एमध्ये इंटरप्ट येतो तो फक्त पहिल्याचा. दुसरा बिट तुम्ही वाचलात तर दिसेल, पण तो स्वतःहून हाक मारत नाही.

याच घराण्यातल्या चिपांसाठी असलेल्या, कर्नलमधल्या ८२५० ड्रायव्हरचा आरएस-४८५चा सामायिक कोड सुरुवातीला असं धरून चालत होता की टीईएमटीचा इंटरप्ट चालू करून घेणं त्या-त्या ड्रायव्हरचं काम. ज्यांच्याकडे तो इंटरप्टच नव्हता तिथे गोष्ट अशी व्हायची: फिफो रिकामा झाला, इंटरप्ट आला, कोडने पाहिलं तर शेवटचा बाइट अजून शिफ्ट रजिस्टरमध्ये, म्हणून तो परत फिरला. पुढचा इंटरप्ट आलाच नाही. माइक हातातच राहिला.

त्यामुळे पॅच पाठवणाऱ्याला पहिला प्रश्न: डेटाशीटमध्ये हे कुठे लिहिलंय, की तुम्ही मोजून पाहिलंय? ‘इंटरप्ट नाही’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी लपतात. तारच इंटरप्ट कंट्रोलरला जोडलेली नसते, किंवा तार आहे पण हे एक कारण तिच्यावर येत नाही, किंवा येतं पण ठरावीक क्षणीच येतं. तिसऱ्याचं उदाहरण आर्मचा पीएल०११. त्याचा पाठवण्याचा इंटरप्ट फिफो पातळी ओलांडताना उठतो, पातळीखाली नुसता पडून असला तर नाही. म्हणून तिथे पहिले बाइट ड्रायव्हरला स्वतःहून टाकावे लागतात. तिघांचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर चिकटवलेला पॅच वरवर बरोबरच दिसतो.

एक अवांतर प्रश्नही इथेच विचारून टाका: ही चिप आरटीएस स्वतः सांभाळते का? डिझाइनवेअर या यूआर्टच्या काही नव्या आवृत्त्यांमध्ये आरएस-४८५ची सोय हार्डवेअरमध्येच आहे. तसं असेल तर टायमरची ही सगळी कसरत कशाला?

२. वेळ कागदावर मांडा

पॅचचा जीव इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका. मॉडबस आरटीयू या, मीटरसारख्या उपकरणांशी बोलण्याच्या पद्धतीचं उदाहरण घ्या, ९६०० बॉड, इव्हन पॅरिटी. स्टार्ट बिट, आठ डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप मिळून एका अक्षराला ११ बिट, म्हणजे साधारण १.१५ मिलीसेकंद. टीएचआरई इंटरप्ट आला तेव्हा शेवटचं अक्षर जेमतेम निघालेलं असतं, म्हणून किमान एवढं तरी थांबायला हवं. हे शेवटचं अक्षर म्हणजे सीआरसीचा, निरोप नीट पोचला का हे तपासणाऱ्या आकड्याचा, दुसरा बाइट. तो कापला गेला की समोरचं उपकरण अख्खी फ्रेम, म्हणजे पूर्ण निरोप, निमूट टाकून देतं. चूक झाल्याचंही कळवत नाही. तुमच्याकडे दिसतो फक्त टाइमआउट, आणि माणूस वायरिंग तपासत बसतो.

वरची मर्यादाही आहे. मॉडबसमध्ये दोन फ्रेमच्या मध्ये साडेतीन अक्षरांची शांतता पाळतात. या वेगाला ती होते सुमारे ४ मिलीसेकंद. त्यानंतर समोरचं उपकरण बोलू लागू शकतं. आता पॅचमध्ये साधा जिफीवर, म्हणजे कर्नलच्या ठरावीक ठोक्यावर (टिक), चालणारा टायमर असेल आणि कर्नल १०० हर्ट्झच्या टिकवर बांधलेला असेल, तर एक टिक १० मिलीसेकंदांची. उत्तर सुरू झालं तरी आपण माइक धरून बसलेले. त्यात पाठवताना ऐकणं बंद ठेवलेलं असेल तर माइक सोडताना सामायिक कोड येणारा फिफो रिकामा करतो, म्हणजे उत्तराचे जे काही पहिले बाइट पोचले असतील तेही पुसले जातात. म्हणून इथे हाय-रिझोल्यूशन टायमर दिसला नाही तर पॅच परत पाठवा.

वेळ कशी काढली आहे तेही बघा. आकडा थेट लिहिलेला नको. पोर्टच्या चालू बॉडवरून निघालेली एका अक्षराची वेळ वापरलेली हवी, आणि बॉड बदलला की ती बदलायला हवी. कर्नलच्या ८२५० कोडमध्ये एका अक्षराच्या वेळेत वर आणखी सातवा भाग मिळवला आहे. कारण स्टॉप बिट अजून तारेवर असतानाच टीएचआरई उठत असावा असं दिसलं होतं, म्हणून अंदाजे एका बिटाची भर. आपल्या उदाहरणात ते होतात १.३१ मिलीसेकंद: १.१५च्या वर आणि ४च्या बरेच आत.

वापरकर्त्याने ‘पाठवल्यानंतर इतका वेळ थांब’ अशी स्वतःची सेटिंग दिलेली असू शकते. नवी वेळ तिच्यात मिळवलेली हवी, तिच्या जागी बसवलेली नको. बेरजेच्या जागी बरोबरचं चिन्ह पडलेलं असेल तर ती चूक वाचताना सहज निसटते.

३. टायमर वाजताना दुसरं काय चालू असेल?

असा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. थांबण्याचा टायमर लागलाय. तेवढ्यात प्रोग्रामने नवे बाइट दिले आणि पाठवणं पुन्हा सुरू झालं. त्याच क्षणी टायमर वाजला, त्याला पोर्टचं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) मिळेना, तो रांगेत उभा राहिला. लॉक मिळताच त्याने काही न विचारता आरटीएस सोडली तर नवी फ्रेम मध्यावर कापली जाईल. म्हणून टायमरच्या फंक्शनमध्ये लॉक घेतल्यावर ‘मी अजून हवा आहे का?’ ही तपासणी हवी. सामायिक कोडमध्ये सध्या कोणता टायमर चालू आहे याची नोंद ठेवलेली असते. पॅच ती नोंद पाळतो का, बघा.

पोर्ट बंद करताना टायमर रद्द करून तो संपेपर्यंत थांबावं लागतं. हे थांबणं लॉक हातात धरून केलं आणि टायमर त्याच लॉकसाठी खोळंबला असेल तर दोघेही कायमचे अडकतील.

आणखी एक बारकावा, जो मलाही बराच उशिरा कळला. लाइन स्टेटस रजिस्टर वाचलं की त्यातले ओव्हररन, पॅरिटी, फ्रेमिंगचे चूक-बिट पुसले जातात. टीईएमटी बघायला म्हणून कुणी ते मध्येच वाचलं आणि ते बिट जपून ठेवले नाहीत, तर येणाऱ्या डेटामधली चूक कुणाला कळणारच नाही. ८२५० कोडमध्ये यासाठी वाचून जपणारं वेगळं फंक्शन आहे. पॅचमध्ये थेट रजिस्टर वाचलेलं दिसलं तर बोट ठेवा.

४. फ्लॅग कुणाला लागतो आणि इंटरप्ट नंबर कसा मिळतो

ही बाब लवकर उरकते. फ्लॅग फक्त त्या चिपच्या ड्रायव्हरने लावायचा, डिव्हाइस ट्रीमधल्या, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनातल्या, कम्पॅटिबल नावावरून. टीईएमटीचा इंटरप्ट देणाऱ्या चिपांचा मार्ग आधी होता तसाच राहायला हवा.

तारच नसलेलं हार्डवेअर असेल तर इंटरप्ट मागणारी ओळ वाचा. ‘नाही’ आणि ‘अजून तयार नाही, नंतर या’ हे दोन वेगळे एरर कोड आहेत, दोन्ही ऋण आकडे. पहिल्यावर पोलिंगकडे, म्हणजे ठरावीक वेळाने स्वतःच विचारत राहण्याकडे, वळणं ठीक. दुसरा मात्र तसाच वर पाठवायचा असतो. कुठल्याही ऋण आकड्याला शून्य (म्हणजे ‘इंटरप्ट नाही’) करून पुढे जाणारा पॅच चांगल्या हार्डवेअरलाही गुपचूप पोलिंगवर टाकतो. तसं झालं तर ११५२०० बॉडला १६ बाइटांचा फिफो १.४ मिलीसेकंदांत भरतो, आणि २५० हर्ट्झच्या कर्नलची टिक ४ मिलीसेकंदांची असते. येणारे बाइट सांडणारच.

५. चाचणी कशी केली, ते विचारा

‘बूट लॉग नीट येतो’ हा पुरावा धरू नका. कन्सोलवर छापताना कर्नल इंटरप्टची वाट बघतच नाही. स्टेटस बिट वाचत एकेक अक्षर स्वतः ढकलतो. पाठवण्याचा इंटरप्ट पूर्ण मेलेला असला तरी बूट लॉग सुरेख दिसतो.

खरी चाचणी म्हणजे लॉजिक अ‍ॅनालायझरचे दोन प्रोब, एक टीएक्सवर (डेटा पाठवण्याची रेघ), एक आरटीएसवर. एका बाइटाची फ्रेम पाठवा, मग फिफोच्या काठावरच्या १५, १६, १७ बाइटांच्या. हेच ९६०० आणि ११५२०० दोन्हीकडे, आणि पोर्ट उघडा असतानाच बॉड बदलून. प्रोसेसरवर भरपूर भार टाकून पुन्हा. प्रत्येक वेळी शेवटच्या स्टॉप बिटाच्या टोकापासून आरटीएस पडेपर्यंतचं अंतर मोजा. ते कधीच ऋण यायला नको.

६. उत्तर लिहा

‘हे चुकीचं आहे’ यापेक्षा ‘टायमर वाजताना नवे बाइट आले तर काय होईल?’ असं विचारलेलं जास्त उपयोगी पडतं. निम्म्या वेळा समोरच्याने तो विचार केलेला असतो, फक्त लिहिलेला नसतो. तो कमिटच्या मजकुरात घालायला सांगा. कोड वाचून पटला तर ‘रिव्ह्यूड-बाय’ द्या. ‘टेस्टेड-बाय’ मात्र बोर्ड हातात घेऊन चालवला असेल तरच, आणि सोबत कोणता बोर्ड, कोणता बॉड, आरटीएस किती मायक्रोसेकंदांनी पडली ते आकड्यात लिहा.