दूरच्या भूकंपाची सुनामी : किनाऱ्यावरच्या गावाने तयारी कशी करावी

दूरवर झालेल्या भूकंपाच्या सुनामीत मुख्य अडचण ही असते की, आपल्या पायाखालची जमीन हलतच नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ समुद्रतळाशी मोठा भूकंप झाला आणि काही तासांनी त्याच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचून तेथे माणसे दगावली. कोकणाला असा वेळ मिळू शकतो, पण त्याचा उपयोग होण्यासाठी गावाची तयारी आधीच झालेली हवी.

प्रथम, इशारा गावात कसा पोहोचेल ते ठरवावे. समुद्राविषयी माहिती देणाऱ्या हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेतील केंद्र २००७ पासून सुनामीचे इशारे देते. ‘वॉर्निंग’ आली तर उंचावर जायचे. ‘अलर्ट’ असेल तर किनारा व खाडीकाठ सोडायचा. ‘वॉच’ असेल तर पुढील सूचनेकडे लक्ष ठेवायचे. संदेश मध्यरात्रीही येऊ शकतो, म्हणून सरपंच, पोलीस पाटील आणि मच्छीमार सोसायटी यांनी प्रत्येक वाडीसाठी दोन माणसे नेमावीत आणि देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा कोण सुरू करणार, हेही लिहून ठेवावे.

त्यानंतर वाट निश्चित करावी, आणि या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. कोकणातल्या अनेक गावांच्या पाठीशी जांभ्याचा सडा, म्हणजे उंचावरचे खडकाळ पठार आहे, हे मोठे भाग्य. पण वर जाणारी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, पावसात शेवाळलेली असते, पायऱ्या निखळलेल्या असतात आणि रात्री दिवा नसतो. म्हणून एकदा अंधार पडल्यावर, गुडघे दुखणाऱ्या आजीला आणि लहान मुलांना सोबत घेऊन, घड्याळ लावून ती वाट चढून पाहावी. लाट खाडीतून आतवर शिरते, त्यामुळे खाडीवरचा पूल ओलांडावा लागणारी वाट निवडू नये. ज्यांना चालता येत नाही त्यांची यादी करून प्रत्येकासाठी उचलून नेणारी माणसे नावानिशी ठरवावीत.

होड्यांचा मोह धोक्याचा असतो. खोल समुद्रात लाट जेमतेम जाणवते आणि उथळ पाण्यातच ती उंचावते, त्यामुळे समुद्रात असलेल्या तांडेलांनी, म्हणजे होडीच्या प्रमुखांनी, इशारा मागे घेतला जाईपर्यंत बंदराकडे वळू नये. आणि किनाऱ्यावरच्या कोणीही होडी वाचवायला खाली उतरू नये.

शेवटची बाब परतण्याची. २२ मे १९६० रोजी चिलीत झालेल्या भूकंपाच्या लाटा सुमारे पंधरा तासांनी हवाईतील हिलो शहरात पोहोचल्या. भोंगे काही तास आधीच वाजले होते, तरीही अनेक जण थांबले किंवा सुरुवातीच्या लहान लाटांनंतर परतले, आणि ६१ माणसे गेली. पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असे नाही. म्हणून इशारा मागे घेतल्याचे प्रशासनाकडून कळेपर्यंत कोणी खाली उतरू नये, आणि रात्र काढावी लागेल असे धरून पाणी, नेहमीची औषधे, बॅटरी व ताडपत्र्या सड्यावरच्या एखाद्या पक्क्या इमारतीत आधीच ठेवाव्यात.