प्री-मेड हा मेजर नसतो

नाशिकहून न्यू जर्सीला आलो तेव्हा मी नववीत होते. तिकडेच राहिले असते तर बारावी सायन्स, मग नीट, मग एमबीबीएस हे ठरलेलं होतं. इथे आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल. आणि त्या पदवीचा मुख्य विषय, म्हणजे मेजर, कुठलाही चालतो. बाबांना हे पटेना. "बायॉलॉजी न घेता डॉक्टर कशी होणार गं तू?" हा त्यांचा प्रश्न दर रविवारी जेवताना यायचा.

म्हणून मी बायॉलॉजी घेतलं. पहिल्याच सेमिस्टरला जनरल केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि कॅल्क्युलस एकदम. आठवड्याला दोन लॅब, त्यांचे रिपोर्ट वेगळे. केमिस्ट्रीत सी आला आणि मी आईला फोनवर रडून सांगितलं, की सगळं संपलं. संपलं नव्हतं, पण तो सी पुसलाही गेला नाही. आमच्या कॉलेजात विषय पुन्हा घेतला की नवा ग्रेडच जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरायचे. मेडिकलचे बहुतेक अर्ज ज्यातून जातात ते अ‍ॅमकास मात्र दोन्ही ग्रेड मोजतं. शिवाय बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिल्या सेमिस्टरला मी लॅबवाला एकच विषय घेतला असता. सी आल्यावर तोच विषय पुन्हा घेण्यापेक्षा पुढचा विषय नीट करावा, असं माझं मत आहे. सीच्या खाली गेलात तर मात्र पुन्हा घ्यावाच लागतो, कारण बऱ्याच मेडिकल स्कूलांना तसा ग्रेड चालत नाही.

प्री-मेड, म्हणजे मेडिकल स्कूलसाठीची तयारी, हा मेजर नव्हे, ती विषयांची यादी आहे. बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स साधारण एकेक वर्ष, लॅबसकट. बायोकेमिस्ट्रीचं एक सेमिस्टर, इंग्रजी लेखन, बऱ्याच ठिकाणी स्टॅटिस्टिक्स. २०१५पासून एमकॅटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत, सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजीही आहे, म्हणून त्यांचा एकेक कोर्स घेतलेला बरा. यातली केमिस्ट्रीची साखळी जपायची: जनरल, मग ऑरगॅनिक, मग बायोकेमिस्ट्री. ती एक वर्ष उशिरा सुरू झाली की एमकॅट आणि अर्ज दोन्ही वर्षभर पुढे जातात. फिजिक्स तिसऱ्या वर्षी घेतलं तरी चालतं. हायस्कूलमधल्या एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या कोर्सच्या, क्रेडिटवर विषय सोडायचा असेल तर आधी प्रत्येक मेडिकल स्कूलची अट वाचा. काहींना ते चालत नाही.

दुसऱ्या वर्षी पदवीची अट म्हणून लिंग्विस्टिक्सचा, म्हणजे भाषाशास्त्राचा, एक कोर्स घेतला आणि मी त्यात रमले. मेंदूला इजा झाल्यावर माणसाची वाक्यं कशी तुटतात, हे वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की मला हेच करायचंय, आणि डॉक्टर होऊनच करायचंय. मेजर बदललं. प्रवेश मिळणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुलं बायॉलॉजीसारख्या विषयांची असतात हे खरं, पण मुळात अर्जच त्यांचे जास्त असतात. आवडीच्या विषयात माझे ग्रेड सुधारले, प्राध्यापक मला ओळखू लागले, शिफारसपत्रं मनापासून लिहिली गेली. मुलाखतीत तर निम्मा वेळ याच विषयावर गेला. बाबांना मी शेवटी कागदावर आठही सेमिस्टर आखून दाखवली, तेव्हा कुठे ते शांत झाले.

आपल्या घरांसाठी आणखी एक, आणि हे मेजरपेक्षाही आधी बोला. एच-४वरच्या, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे इथे असलेल्या, मुलांचा तो दर्जा एकविसाव्या वर्षी संपतो, मग एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागतो. अनेक मेडिकल स्कूलं फक्त नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले घेतात. एफ-१वाल्यांना घेणारी थोडी, आणि त्यातली काही चारही वर्षांचे पैसे आधीच दाखवायला सांगतात. सरकारी कर्ज मिळत नाही. म्हणून आपल्याला घेणाऱ्या स्कूलांची यादी पहिल्याच वर्षी काढा, आणि मेजर असा निवडा की त्यावर दुसरी वाटही धरता येईल. माझं ग्रीन कार्ड तिसऱ्या वर्षी आलं. माझ्या रूममेटचं आलं नाही. ऑरगॅनिकमध्ये तिला माझ्यापेक्षा चांगले ग्रेड होते. तिने स्टॅटिस्टिक्स मेजर केलं होतं, त्यावर ती आज कॅन्सरच्या औषधचाचण्यांचा डेटा बघते.