ग्रुपवर आलेली डोमकळी

यवतमाळ जिल्ह्यात कापूस शेतकऱ्यांसोबत काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत माझी पहिली नोकरी. काम मिळालं सोशल मीडियाचं. महिनाभर मी पोस्टर करून फेसबुकवर टाकली. लाइक आले ते पुण्या-मुंबईहून. आमचे शेतकरी होते व्हॉट्सॲपवर.

ऑगस्टमध्ये एका दादांनी कपाशीच्या फुलाचा फोटो टाकला, सोबत व्हॉइस मेसेज: "ताई, हे फूल उमलतच नाही." पाकळ्या गुलाबकळीसारख्या मिटलेल्या. आमच्या कृषी सहकाऱ्याने पाहताक्षणी ओळखलं, डोमकळी! आत गुलाबी बोंडअळी. आणखी कुणाकडे दिसते का, असं ग्रुपवर विचारलं, तर दोन दिवसांत तीन गावांतून तसेच फोटो आले.

आठवडाभरात हे सगळं 'शुभ सकाळ'खाली गाडलं गेलं असतं. तेव्हापासून मी शीट ठेवते: गाव, पेरणीची तारीख, काय दिसलं, कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने बोंडअळीचे नर पतंग ओढणारा सापळा) किती पतंग. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात दर रात्री 8 पतंग सापडले की उपाय करायची वेळ झाली, पण आकडे रोज टिपले तरच ते कळतं. नव्याने येणाऱ्यांना मी आधी हीच सवय लावायला सांगेन. व्हॉइस मेसेज ऐकून शेतकऱ्याच्याच शब्दांत लिहा. फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. साधा पाठवला तर तो लहान होतो आणि त्यातली जागा-वेळेची नोंद निघून जाते. कुणाचा चेहरा फेसबुकवर टाकण्याआधी त्यांना विचारा.

औषधांच्या मात्रेचे फॉरवर्ड मात्र एकही पुढे जाऊ देऊ नका. 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20हून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले. मात्रा कृषी अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून तपासल्याशिवाय मी ग्रुपवर लिहीत नाही, कितीही घाई असली तरी.

एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. ग्रुपवर जवळजवळ सगळे पुरुष होते. कापूस वेचतात बाया, किडकं बोंड आधी त्यांच्या हातात येतं, आणि घरातला फोन नवऱ्याच्या खिशात. म्हणून आता बचत गटाच्या बैठकीला वही घेऊन जाते. त्या सांगतात ते शीटमध्ये जातं आणि त्यांच्या परवानगीने, त्यांच्या नावासकट, ग्रुपवर.